बँड बसवायचा म्हणजे

गुरुजी, आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पोरांना उगाच बोलणी बसायची नाहीत. गेल्या डिसेंबरात पारावर जे झालं त्यात पोरांची चूक नव्हती आणि तुमच्या पेटीचीही नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून तर जुळलं नाही.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. रेणापूर तालुक्यातलं गाव, चौदा जणांचा बँड: चार ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन, दोन युफोनियम, एक ट्रॉम्बोन, आणि साईड ड्रम (आपण नुसतं साईड म्हणतो), ढोल, हलगी, झांज. आजवर लग्नं, वराती, गणपती, निवडणुकीचा गुलाल एवढंच वाजवलं. आता गावाच्या मनात आलंय की येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या सणाला, पुण्या-मुंबईची माणसं घरी आलेली असतात, तर त्या रात्री आठला मारुतीच्या पारासमोर बँडचा नुसता ऐकायचा कार्यक्रम करावा. नवरा नाही, नवरी नाही, पुढं नाचणारं कुणी नाही. मागच्या वर्षी तुम्ही चाचपून पाहिलं. दुपारी शाळेच्या खोलीत पेटीबरोबर सगळं जुळलं आणि रात्री पारावर पहिल्याच अभंगाला पेटी एका गावाला, ट्रम्पेट दुसऱ्या गावाला. कुणी म्हणालं पितळ थंडीनं आकसतं, कुणी म्हणालं पोरं घाबरली. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: सूर का पडला, वाजवायचं काय, आणि बँड बसवायचा कसा.

मी अडतीस वर्षं हेच करतोय. आधी ट्रम्पेट वाजवायचो, पुढचे दोन दात गेले तेव्हापासून युफोनियम, म्हणजे खर्जाचं मोठं पितळी वाद्य.

पितळ आकसतं हे खरं, पण किती? ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जेमतेम दीड मीटर भरते. दहा अंशांनी गार झाली तर ती पाव मिलिमीटर आखडेल. त्यानं काही होत नाही, आणि झालंच तर सूर वर जाईल, कारण नळी लहान झाली. तुमचा तर खाली आला. फुंकीच्या वाद्यात पितळ वाजत नसतं, आतली हवा वाजत असते. गार हवेत आवाज सावकाश चालतो. दुपारी 28 अंशाला तो सेकंदाला साधारण 348 मीटर जातो, रात्री 14 अंशाला 340 च्या आसपास. नळी तेवढीच, आवाज तीत हळू फिरतो, म्हणून सूर उतरतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले, तर एका अंशामागं तीन भाग. चौदा अंशांमागं चाळीसेक. म्हणजे काळी पाच, पेटीचा पाचवा काळा स्वर, वाजवायला गेलात तर वाजतं काळी पाच आणि तिच्या लगत खालची पांढरी सहा यांच्या मधलं काहीतरी. हा हिशोब वाद्य पुरतं गार पडलं तरचा. वाजवणाऱ्याच्या फुंकीनं आतली हवा तापते आणि फरक निम्म्यावर येतो. पण दोन गाण्यांच्या मधे सूत्रसंचालक शेरोशायरी करत बसला की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

पेटीचं असं होत नाही. तिच्या आतली धातूची पातळ पट्टी स्वतः थरथरते, तिला हवेच्या तापमानाशी फारसं देणंघेणं नाही. उलट गारठ्यात ती केसभर वरच जाते. म्हणून तुम्ही पेटी ज्याला दाखवलीत त्या दुरुस्तीवाल्यानं ती बरोबर आहे असं सांगितलं ते खरंच होतं.

तरी एकदा खात्री करून घ्या, कारण दुसरा एक घोटाळा बँडमध्ये इतका नेहमीचा आहे की माणसं दोन्ही एकत्र करून टाकतात. पेटी आणि ट्रम्पेट एकच स्वर धरून ठेवा आणि ऐका. आवाजात लाटा येत असतील, वँव-वँव-वँव अशा, तर ती थंडी. लाटा नसतील आणि अख्खा स्वरच वेगळा लागत असेल, तर पट्टीचा घोळ आहे. ट्रम्पेटवर एकही पिस्टन (स्वर बदलायचं बटण) न दाबता जो 'सा' येतो तो पेटीवरची काळी पाच. क्लॅरिनेट आणि आपल्याकडचं युफोनियमही तिथलंच. आल्टो सॅक्सोफोनचा 'सा' मात्र काळी दोन. ट्रम्पेटवाल्याचं बघून सॅक्सोफोनवाल्यानं त्याच नावाचा स्वर धरला तर दोघं जन्मात जुळणार नाहीत. त्याला आपल्या वाद्याचा 'प' हाच 'सा' मानून वाजवायला सांगा, तो बरोबर काळी पाचवर येतो. तुमचं दुपारी जुळलं होतं, म्हणजे पट्टी ठीक आहे. थंडीच आहे ती.

आता यात आणखी एक मेख आहे, तीच मला जास्त सतावते. सगळे वाद्यवाले सारखेच उतरले असते तर काय बिघडत होतं? पेटी बाजूला ठेवली की झालं. पण ट्रम्पेट लहान, चार फुंकांत तापतं. युफोनियमची नळी त्याच्या दुप्पट लांब आणि रुंद, ते तापायला दहा मिनिटं घेतं आणि तोवर खालीच रेंगाळतं. म्हणजे बँड स्वतःशीच भांडतो. वरातीत हे कुणाला कळत नाही, कारण तिथं सगळे जीव खाऊन फुंकतात, समोर डीजे असला तर आणखी. मोठ्या आवाजात बेसूर झाकला जातो. माणसं खुर्चीवर बसून ऐकायला लागली की पहिल्या दोन मिनिटांत उघडं पडतं.

उपाय सांगतो. ट्रम्पेटला सूर जुळवायची जी सरकती नळी असते ती बाहेर ओढली की सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. बहुतेक पोरं ती कायमची पुरती आत ठोकून ठेवतात. मग रात्री सूर चढवायला जागाच उरत नाही. दुपारच्या तालमीत ती बोटभर बाहेर ठेवून वाजवायची सवय लावा आणि पेटीऐवजी एका क्लॅरिनेटला धरून जुळवा. गारठा वाढला की सगळ्यांनी थोडी थोडी आत घ्यायची. आधी युफोनियमवाल्यांनी जुळवायचं, मग बाकीच्यांनी. उलटं केलंत तर युफोनियमवाल्याला ट्रम्पेटच्या मागं धावावं लागतं, आणि त्याला तेवढं धावता येत नाही. मी दोन्ही केलंय, मला विचारा.

आणि तुमची पेटी, गुरुजी. राग मानू नका, पण त्या दिवशी तिला बँडबरोबर आणू नका. अभंगाची एक चाल तुम्ही पेटीवर एकट्यानं धरा, साथीला फक्त ढोल आणि झांज, पितळ गप्प. ते फार गोड लागेल. सगळ्यांबरोबर सुरांचं काही हवंच असेल तर इलेक्ट्रिक कीबोर्ड घ्या. त्यात सूर बारीक वरखाली करायची सोय असते. मूळ 440 वरून तो 436, 434 असा बँड जिथं उभा असेल तिथं आणून ठेवायचा. यंत्रानं माणसाकडं यावं.

थंडीतलं दुसरं दुखणं पिस्टनचं. एका जत्रेत पहाटे पाचला आमचा बँड देवळापुढं उभा. पहिलीच गत, आणि शेजारचा पोरगा कानाशी येऊन म्हणतो, "मास्तर, पिस्टन बसलंय, उठंना गेलंय." बघतो तर त्याच्या आईनं आदल्या रात्री मायेनं खोबरेल घातलेलं. खोबरेल तेल 24 अंशाच्या खाली गोठतं, हे डोक्याला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त पिस्टनमध्ये घालताना आठवत नाही. तिन्ही पिस्टन तूप लावल्यासारखे चिकटले होते. काकडआरती झाली तोवर तो ट्रम्पेट काखेत धरून उभा होता. पिस्टनचं पातळ तेल वेगळं मिळतं, तेच वापरा. एक बाटली सगळ्या बँडला वर्षभर पुरते. माउथपीस वाजवायच्या आधी खिशात किंवा काखेत ठेवायचं, गारठलेलं ओठाला लावलं तर ओठ बधिर होतो. ओठ फुटत असतील तर रात्री झोपताना तूप लावा, वाजवायच्या आधी नको, माउथपीस घसरतं. आणि तुमच्याकडची क्लॅरिनेट लाकडी असतील तर त्यांना जपा. गारठलेल्या लाकडात एकदम गरम फुंक गेली की उभी चीर जाते. आधी घोंगडीत गुंडाळून, मग हातानं चोळून, मग हळूहळू फुंकायचं. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, असतील तर चिंता नाही.

आता तारीख आणि वेळ. इथं मी तुमच्या गावाशी सहमत नाही.

येळवशीची रात्र नको. त्या दिवशी तुमचे चौदाही जण सकाळपासून शेतात असणार. भज्जी, उंडे, वर आंबिलीचे चार ग्लास, आणि कडब्याच्या कोपीच्या सावलीत दुपारची झोप. आंबील पिऊन युफोनियम फुंकायचा मी प्रयत्न केलाय, त्याचं वर्णन इथं करत नाही. ऐकणारेही सुस्तावलेले असतात. वर अमावस्या, म्हणजे अंगण उजळायलाही दिवे लागणार.

पण येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पौष लागतो, आणि पौष हा आमच्या धंद्याचा उपासाचा महिना. लग्नं थांबतात, सुपाऱ्या थांबतात. हल्ली काढतात काही जण मुहूर्त, पण एकूण हात रिकामे. हाच तुमचा महिना. तालमीला माणसं मिळतील, कुणी "मास्तर, आज लातूरला सुपारी हाय" म्हणणार नाही. एकच बघा, तुमच्यातले कुणी ऊसतोडीला गेले असतील तर ते मार्चशिवाय परतत नाहीत. आधी माणसं मोजा, मग गाणी ठरवा. येळवस ते संक्रांत यांच्या मधला एखादा रविवार धरा आणि वेळ दुपारी साडेचार. उन्हं तेव्हा कलती असतात, हवा गरम असते. त्या दिवसांत आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मावळला की तासाभरात पारा भराभर उतरतो. बालाघाटावरचं वारं तुम्हाला मी सांगायला नको. सहापर्यंत शेवटची गत संपली पाहिजे. बायकांना स्वयंपाकाआधी आणि धारा काढणाऱ्यांना गोठ्याकडं जायच्या आधी मोकळं करता येतं, हाही फायदा.

रात्रीचाच हट्ट असेल तर पार सोडा आणि मंगल कार्यालयात जा. पौषात ते ओस पडलेलं असतं, मालक भाड्यात ओढाताण करणार नाही. चार भिंती, वर छप्पर, दोनशे माणसांच्या श्वासानं आलेली ऊब. बँडला याहून काही लागत नाही. फक्त पत्र्याचं छत असेल तर झांजवाल्याला आधीच तंबी द्या. आणि भोंगा लावणार असाल तर पोलिसांची परवानगी, आणि रात्री दहाच्या आत सगळं बंद. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम भोंग्याइतकेच वाद्यांनाही लागू आहेत. जवळच्या दवाखान्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असेल तर त्याच्या शंभर मीटरच्या आत तर वाजवायचंच नाही.

वेळेचा सगळ्यात मोठा शत्रू थंडी नाही, सत्कार आहे. सरपंच, उपसरपंच, चेअरमन, देणगीदार, एकेकाला शाल, श्रीफळ, आणि प्रत्येकाचे दोन शब्द. तोवर चौदा जण मांडीवर गार पितळ घेऊन बसलेले. खोलीत वीस मिनिटं तापवून आणलेला सूर वीस मिनिटांत मातीत. सत्कार मध्यंतरात ठेवा किंवा शेवटी ठेवा. ऐकत नसतील तर सांगा की नारळ फोडल्यावर लगेच बँड वाजला नाही तर अपशकुन होतो. मी एका गावात हे सांगितलं होतं, आता तिथं ती प्रथा झालीय. आणि बोलणं चालू असेल तेव्हा पोरांनी वाद्यात आवाज न काढता नुसती गरम हवा सोडत राहायची, हा हा करून काच पुसताना सोडतो तशी.

वाजवायचं काय, यावर तुम्ही गाण्यांची लांबलचक यादी पाठवलीय. त्यातली निम्मी कापा. बँडची गाणी संपायच्या आधी ट्रम्पेटवाल्याचा ओठ संपतो. वरातीत तो मधेमधे थांबतो, पाणी पितो, साईड-ढोलाच्या धमालीत त्याला दहा मिनिटं विसावा मिळतो. बसून ऐकायच्या कार्यक्रमात अशी पळवाट नसते. सगळं मिळून सव्वा तास, आठ किंवा नऊ गती, बास.

पहिली गत खालच्या पट्टीतली आणि संथ घ्या. भूपाची एखादी पारंपरिक चाल धरा. भूप निवडायचं कारण पोरांच्या बोटांत आहे. सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर. ट्रम्पेटवर सा आणि प मोकळे, ग आणि ध पहिला-दुसरा पिस्टन, रे पहिला-तिसरा. तीन पकडींत अख्खा राग. फक्त त्या 'रे'कडे लक्ष ठेवा. पहिला-तिसरा एकत्र दाबला की स्वर थोडा चढाच लागतो, तिसऱ्या पिस्टनची नळी डाव्या बोटानं जराशी बाहेर सारून तो खाली आणावा लागतो. तुमच्या पोरांना हे कुणी सांगितलं नसेल, मला पंधरा वर्षांनी कळलं.

दुसरं, सगळ्यांनी एकच चाल वाजवायची सवय मोडा. वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, युफोनियम सगळे मुखडाच वाजवतात, कारण तिथं गाणं ओळखू आलं की काम झालं. इथं चाल क्लॅरिनेटला द्या. दोन युफोनियमनी खाली तंबोऱ्यासारखा सा आणि प धरून ठेवायचा. एकानं दम घेतला की दुसऱ्यानं धरायचा, दोघांनी एकदम तोंड काढायचं नाही. ट्रम्पेटनी फक्त ओळीच्या शेवटी उत्तर द्यायचं. एवढ्यानं तुमचा बँड लोकांना नवा वाटेल. गंगाखेडच्या जनाबाईची एखादी रचना पारंपरिक चालीत क्लॅरिनेटवर घ्या, मागं नुसता खर्ज. जात्यावर बसलेल्या बायकांना शब्द सांगावे लागत नाहीत. आणि एकनाथांचं भारूड ट्रॉम्बोनला द्या. त्याची नळी सरकती असल्यामुळं तो माणसासारखा बोलतो, कुरकुरतो, हेल काढतो. भारुडातल्या म्हाताऱ्याचा सूर त्याच्याइतका कुणालाच जमत नाही. लहान पोरं लोळतील.

सिनेमाची गाणी दोनच ठेवा. आवडीचा प्रश्न नाही. लग्नाच्या वरातीत ती वाजवायला कायद्यात सूट आहे, 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच ती लिहिलेली आहे. कार्यक्रम करून वाजवायची म्हटलं की ती सूट उरत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना काढावा लागतो. संतांचे अभंग पारंपरिक चालीत, गोंधळ, पोवाड्याची चाल यांना कुणाची परवानगी लागत नाही. शेवटी आठ मिनिटं धमाल ठेवा, नाहीतर साईडवाला रुसेल आणि तो रुसला की पुढच्या सुपारीपर्यंत रुसलेलाच राहतो. हा कार्यक्रम 26 जानेवारीला नेणार असाल तर राष्ट्रगीत 52 सेकंदांत बसलं पाहिजे, घड्याळ लावून बसवा. बँडवाले ते हमखास लांबवतात.

आता खरी मेहनत. हळू वाजवणं. तुमच्या पोरांना जोरात वाजवायला कुणी शिकवायची गरज नाही, त्यांचं आयुष्य डीजेशी झुंजण्यात गेलंय. हळू वाजवायला सांगितलं की ती ओठ ढिले सोडतात आणि सूर लगेच पडतो. हळू म्हणजे ढिलं नव्हे. दम तेवढ्याच वेगानं गेला पाहिजे, फक्त बारीक. रोज वीस मिनिटं एकच सराव द्या: एक स्वर अगदी शून्यातून काढायचा, आठ मात्रांत फुगवायचा, आठ मात्रांत पुन्हा शून्यात न्यायचा. पहिले चार दिवस घोड्याच्या शिंकेसारखे आवाज निघतील. निघू द्या. मग एकाला क्लॅरिनेट वाजवायला सांगा आणि बाकी तेराजणांनी त्याच्या खाली वाजवायचं. क्लॅरिनेट ऐकू येईनासं झालं की हात वर करून थांबवा आणि सगळ्यात मोठा कोण होता ते त्यांनाच विचारा. ढोलवाला नेहमी साईडवाल्याचं नाव घेतो.

ताल-वाद्यांचं थोडक्यात. हलगीचं कातडं दवानं उतरतं, ते आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. शेकोटी पेटवा, पण कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि कोण शेकणार हे आधी ठरवा. नाहीतर कार्यक्रमाच्या मधे तिघं उठून शेकोटीला जाऊन बसतात. साईडला प्लास्टिकचं पान असेल तर दवाची फिकीर नाही. ढोलावर एखादं सुती फडकं टाकून बघा, त्याचा घुमारा राहतो आणि धडधड जाते.

आणि बसवायचं. गुरुजी, तुम्ही प्रश्नात हा शब्द सहज लिहिलात, पण मी तिथं जरा थांबलो. अडतीस वर्षांत मला वाजवताना किती वेळा बसायला मिळालं ते मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. लग्नात बँडवाला मांडवाच्या बाहेर उभा असतो, अक्षता पडल्या की वाजवतो आणि सगळ्यांच्या पंगती उठल्यावर जेवतो. नवऱ्याचा घोडा बसेल, बँडवाला बसणार नाही. म्हणून तुमची पोरं पहिल्यांदा खुर्चीवर बसतील तेव्हा त्यांना काय करावं कळणार नाही. पाठ टेकतील, पोट दुमडेल, दम अर्धा होईल. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सुटी. हे आधी महिनाभर शिकवा. तालीम उभ्यानं आणि कार्यक्रम बसून, असं करू नका.

मांडणी अर्धगोल. पुढं क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन, त्यामागं ट्रम्पेट, एका बाजूला ट्रॉम्बोन, आणि त्याच्यापुढं हातभर मोकळी जागा ठेवा, त्याची नळी कुणाच्या मानेत जाऊ नये. युफोनियमचं तोंड आभाळाकडं असतं, त्याचा आवाज मोकळ्यावर वरच्या वर निघून जातो, म्हणून ते सगळ्यात मागं, भिंतीला धरून. पाराला भिंत नसते, हा पाराचा सगळ्यात मोठा दोष. शाळेची लांब भिंत पाठीशी घ्या, ती फुकटचा भोंगा आहे. ढोल-साईड एका कडेला. सगळा बँड पाच-सहा मीटरांत मावला पाहिजे. वरातीत पुढच्या ट्रम्पेटपासून मागच्या ढोलापर्यंत सतरा मीटर पडले की आवाज पोचायलाच सेकंदाचा विसावा भाग जातो आणि ठेका मागं ओढतो. चालताना ते खपतं. बसून खपत नाही. माईक एकच, क्लॅरिनेटपुढं. पितळेला माईक लावणाऱ्याला मी मंडपात शिरू देत नाही.

मास्तरनं ट्रम्पेट वाजवत लोकांकडं तोंड करून उभं राहायची आपली पद्धत आहे, तीही त्या दिवशी सोडा. मास्तरनं बँडकडं तोंड करावं. लोकांना पाठ दिसली तर दिसू दे. पोरांना मात्र त्याचे डोळे दिसले पाहिजेत, विशेषतः हळू वाजवायच्या जागी.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगतो. तिकीट नको, पण पेटी फिरवा, तुमची वाजवायची नव्हे, पैशाची. त्यातून आधी पोरांचा रोज द्या. कला म्हणून फुकट वाजवा असं गाव म्हणेल. ज्या दिवशी किराणावाला कला म्हणून ज्वारी देईल त्या दिवशी आम्हीही वाजवू.

तारीख ठरली की कळवा. आदल्या दिवशी मुक्कामाला येतो, हुरडा निघाला असेल तर उत्तमच. माझं युफोनियम बरोबर आणीन, तुमच्या दोघांच्या मागं तिसरा खर्ज धरीन. खुर्ची तेवढी बिनहाताची ठेवा. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत माझं युफोनियम मावत नाही.